घाटाआधी गाडी थांबतेच

मुलुंडच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. वय ५६. यजमान रेल्वेत कंट्रोल ऑफिसला होते, मार्चमध्ये रिटायर झाले. मुलगा बंगळुरूला, सासूबाई जाऊन दीड वर्ष झालं. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघंच कुठेतरी निघालेत. गणपती झाले की पासावर चंडीगढ, तिथून भाड्याची गाडी घेऊन हिमाचलात मनाली, चंद्रताल तलाव, काझा, किन्नौर, सिमला आणि परत. नऊ दिवस. यजमानांनी एक्सेलमध्ये तक्ता केलाय, त्यात ‘कल्पा – १५ मि. (चहा, फोटो)’ अशा नोंदी आहेत. ताईंना घाटात गाडी लागते. त्या लिहितात, “गेल्या वर्षी महाबळेश्वरला जाताना मी सकाळपासून पाणीच प्यायले नाही, कारण जरा थांबा म्हटलं की ह्यांचा चेहरा बदलतो. आता नाहीच म्हणू का? म्हटलं तर वर्षभर ऐकावं लागेल.” आणि अगदी खाली, बारीक अक्षरात, “ता. क. नऊ दिवस गाडीत आम्ही दोघंच. बोलायचं काय, हाही प्रश्नच आहे.”

ताई, खरं पत्र तुम्ही ता. क. मध्ये लिहिलंय. त्याच्याकडे येतेच. पण आधी तो तक्ता, कारण त्यात एक चूक आहे आणि ती चहा-फोटोपेक्षा बरीच मोठी आहे.

तक्त्याप्रमाणे दुसऱ्या रात्री तुम्ही मनालीला आणि तिसऱ्या रात्री चंद्रतालला तंबूत. मनाली साधारण २,००० मीटर, चंद्रताल ४,२०० च्या वर. एका दिवसात झोपायची जागा दोन हजार मीटरनी वर! आपलं महाबळेश्वर जेमतेम १,३७० मीटर आहे. डॉक्टर सांगतात की ३,००० च्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस जागच्या जागी काढावा. हवा विरळ असते, शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. वयाचा, तब्येतीचा त्यात फारसा संबंध नाही, धडधाकट पोरंही आडवी होतात.

आणि तुमच्या बाबतीत माझी खरी काळजी वेगळीच आहे. उंची बाधली की डोकं दुखतं, मळमळतं, जेवण नको होतं. म्हणजे थेट गाडी लागल्यासारखंच. तुम्ही म्हणाल, नेहमीचंच आहे. हे म्हणतील, हिला गाडी लागलीय. आणि गाडी पुढे जात राहील. हे लक्षात ठेवा: गाडी लागलेली असेल तर खाली उतरून तास-दोन तासांत बरं वाटतं. मुक्कामाला पोचूनही डोकं ठणकत राहिलं तर आणखी वर जायचं नाही. आणि वाढतच गेलं, तोल जायला लागला, नुसतं बसलेलं असताना धाप लागली, तर रात्र असो की दिवस, खाली उतरायचं. बुकिंगचे पैसे गेले तर गेले. जाण्याआधी दोघांनी डॉक्टरांना भेटा, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, तीही त्यांनाच विचारून, शेजारणीने सांगितली म्हणून नको.

आता हे सगळं ह्यांना सांगायचं कसं? तुमचा खरा प्रश्न हाच ना. ज्या माणसाने सगळी नोकरी गाड्या वेळेवर काढण्यात घालवली, त्याला थांबणं म्हणजे डिटेन्शनच, गाडी अडकून पडल्यासारखंच वाटणार. तुम्ही ‘जरा थांबा’ म्हणता आणि त्यांना कुठेतरी लाल सिग्नल पडल्याचं ऐकू येतं. म्हणून त्यांच्याच भाषेत बोला. विचारा, “अहो, पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला का थांबतात?” बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं लावायला. पुढे बोरघाट आहे, ३७ फुटांना एक फूट चढ, एका इंजिनाचं ते काम नाही. प्रवासी तेवढ्यात वडापाव खातात तो भाग वेगळा. आणि उतरताना? मंकी हिलला, ठाकूरवाडीला ब्रेकसाठी थांबा. त्याला कोणी लेट म्हणत नाही, ते टाइमटेबलातच असतं. मग विचारा, “आपल्या तक्त्यात कर्जत कुठाय?”

माझा अंदाज आहे की ते तक्ता उघडतील. उघडला की हे सुचवा: फेरी उलटी करा, सिमल्याकडून चढा. नारकंडा, मग कल्पाला दोन रात्री, मग ताबो, मग काझा. कल्पा तीन हजारांच्या किंचित खाली, ताबो ३,३०० च्या आसपास, काझा साधारण ३,६५०. बघा, कसा पायरी पायरीने चढ आहे. चंद्रताल शेवटी, काझाला दोन-तीन रात्री काढून झाल्यावर, तेही तब्येत ठणठणीत असेल तरच. नाहीतर दुरून नमस्कार करून कुंझुम खिंडीवरून उतरा, अटल बोगद्यातून त्याच संध्याकाळी मनाली. याला नऊ दिवस पुरणार नाहीत, बारा धरा. रिटायर झालेल्या माणसाला तीन दिवसांची कसली घाई, हे मला अजून कळलेलं नाही.

कुंझुमपासून खाली ग्राम्फूपर्यंतचा रस्ता मात्र नावापुरता आहे. नाले थेट रस्त्यावरून वाहतात आणि दुपारी बर्फ वितळलं की पाणी वाढतं, म्हणून तिथले लोक पहाटे निघतात. तेवढ्या टप्प्याला स्थानिक ड्रायव्हर घ्या. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर तीस वर्षं गाडी चालवल्याचा तिथे उपयोग नाही.

पाण्याचं मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. ताई, तुम्ही पाणी प्यायला नाहीत, हे वाचून मला राग आला. तुमचाच. मीही हे केलंय म्हणून सांगते. माळशेजला जाताना मुरबाडपासून घसा कोरडा ठेवून बसले होते, का तर ‘आता कुठे थांबायचं’ हे ऐकायला नको. शेवटी डोकं इतकं चढलं की धबधब्यापाशी सगळे भिजत होते आणि मी गाडीत डोळे मिटून. काझा ज्या स्पिती खोऱ्यात आहे तिथली हवा कोरडी ठणठणीत, तिथे हा हट्ट परवडणार नाही. दर दोन तासांनी थांबा, तक्त्यात लिहून. कारण सांगायचं नाही, विचारायचंही नाही. झुडूप असेल तर झुडूप, ढाबा असेल तर ढाबा.

आणखी एक. महाबळेश्वरला मोबाइलवर मॅप तुम्हीच बघत होतात ना? पत्रात नाही, पण मी पैजेवर सांगते. घाटात मान खाली घालून मॅप बघणाऱ्या बाईला मळमळणार नाही तर काय. मग वळण चुकतं, मग दोघांचं वाजतं. किन्नौरात मॅप लागतच नाही. खाबपर्यंत सतलज सोबत असते, तिथे स्पिती नदी येऊन मिळते, मग तिच्या काठाने चालायचं. फोन पर्समध्ये टाका, पुढच्या सीटवर बसा, नजर लांब ठेवा, तोंडात आलेपाक.

आता ता. क. तीस वर्षं घरात सासूबाई, मुलगा, ह्यांच्या रात्रपाळ्या. दिवसा ते झोपलेले, म्हणून तुम्ही कुकरची शिट्टीसुद्धा जपून होऊ दिलीत. बोलायची सवय लागणार कधी? पण गाडीत एक सोय असते. दोघांची तोंडं समोर. डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. अर्धा तास गप्प बसलं तरी चालतं, समोर डोंगर चाललेलाच असतो. कधीतरी विचारा, कंट्रोलला सगळ्यात वाईट रात्र कुठली गेली. तुम्ही त्या रात्री घरी काय करत होतात, ते तुम्हालाही आठवेल.

पण हे एकदम हिमाचलात करू नका. या रविवारी कसारा घाटाने इगतपुरीला जाऊन या. कुठे थांबायचं ते तुम्ही ठरवायचं, निदान तीनदा. बँकर लागलेली एखादी गाडी दिसली तर ती पूर्ण जाईपर्यंत उभ्या राहा. ते आपणहून बोलायला लागतील, तुम्ही घड्याळाकडे बघू नका.

आणि घरी आल्यावर त्या तक्त्याचा प्रिंट काढा. कल्पासमोरची १५ मिनिटं खोडा आणि ‘मुक्काम, २ रात्री’ असं लिहा. पेनाने.