ऑटो युनियनच्या त्या जुन्या रेसिंग कारमध्ये एवढं कौतुक करण्यासारखं काय आहे?

तुम्ही लिहिलंय की ऑटो युनियनच्या (म्हणजे आजच्या आउडीच्या पूर्वज जर्मन कंपनीच्या) १९३०च्या दशकातल्या रेसिंग कारचा व्हिडिओ पाहिला, तुम्हाला ती चाकं लावलेली चंदेरी सिगार वाटली, आणि आजूबाजूची वयस्कर माणसं मात्र गहिवरून गेलेली दिसली. वर असंही कळलं की यातल्या बऱ्याच गाड्या अलीकडे नव्याने बनवलेल्या आहेत. मग कौतुक नेमकं कशाचं, असा तुमचा प्रश्न आहे. या गाड्यांचा नाद मला बरीच वर्षं आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी त्या गाडीचा बाजूने काढलेला एखादा फोटो शोधा आणि ड्रायव्हर कुठे बसलाय ते बघा. त्या काळातल्या बहुतेक इतर रेसिंग कारमध्ये पुढे लांबलचक इंजिन आणि मागे, जवळपास मागच्या चाकांवरच बसलेला ड्रायव्हर दिसेल. इथे उलट आहे. ड्रायव्हर पार पुढे, त्याच्या पाठीमागे पेट्रोलची टाकी, तिच्या मागे सोळा सिलिंडरचं इंजिन आणि शेवटी गिअरबॉक्स. टाकी मध्यभागी ठेवण्यामागे विचार होता. शर्यतीत इंधन संपत जातं तसं गाडीचं वजन बदलतं, पण टाकी मधोमध असली की पुढच्या-मागच्या चाकांवरचा भार फारसा हलत नाही. हा आराखडा फर्डिनांड पोर्शे यांच्या कार्यालयाचा, आणि गाडी १९३४ मध्ये शर्यतीत उतरली. फॉर्म्युला वनमध्ये इंजिन मागे असलेल्या गाडीने पहिली शर्यत जिंकली ती १९५८ मध्ये, अर्जेंटिनात, कूपरमध्ये बसलेल्या स्टर्लिंग मॉसने. म्हणजे मधे चोवीस वर्षं गेली. जाणकार माणूस त्या 'सिगार'कडे बघतो तेव्हा त्याला हे सगळं एका नजरेत दिसत असतं.

इंजिनाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण माझा जीव तिथे अडकलाय. १९३४ पासूनचा नियम असा होता की गाडीचं वजन ७५० किलोपेक्षा जास्त नको, त्यात ड्रायव्हर, इंधन, तेल, पाणी आणि टायर धरायचे नाहीत. वजन कमी ठेवलं की इंजिन आपोआप लहान होईल आणि वेग आटोक्यात राहील, असा नियम करणाऱ्यांचा हिशोब. झालं भलतंच. हलके मिश्रधातू वापरून जर्मन इंजिनिअरांनी त्याच वजनात अजस्र इंजिनं बसवली. ऑटो युनियनच्या पहिल्या गाडीचं इंजिन ४.४ लिटरचं आणि २९५ अश्वशक्तीचं होतं. १९३६ च्या टाइप सीपर्यंत ते ६ लिटर आणि ५२० अश्वशक्तीवर गेलं. एवढी ताकद काढली तीसुद्धा इंजिनाच्या मिनिटाला फक्त ५,००० फेऱ्यांना! पोर्शेंना किंचाळणारं इंजिन नको होतं. खालच्या फेऱ्यांपासूनच दणकून ओढणारं हवं होतं. म्हणून सोळा सिलिंडर, त्यांचे बत्तीस व्हॉल्व्ह, आणि ते सगळे हलवायला मधोमध एकच कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणारा फिरता दांडा. आतले व्हॉल्व्ह जवळ म्हणून ते रॉकरने, म्हणजे छोट्या तरफेने, हलतात; बाहेरच्या बाजूच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हपर्यंत आडव्या पुशरॉड, म्हणजे ढकलणाऱ्या कांड्या, जातात. इंजिनिअरिंग शिकलेल्या कुणालाही हे कागदावर काढून दाखवा, तो दोन मिनिटं गप्प बसेल.

आता याची किंमत कुणी मोजली? ड्रायव्हरने.

लांब बसमध्ये पुढच्या सीटवर बसलेल्याला मागचा धक्का उशिरा कळतो, तसंच इथे होतं. वळणावर मागची चाकं घसरायला लागली की एरवी ड्रायव्हरला ते कमरेत आधी कळतं, कारण तो त्याच चाकांजवळ बसलेला असतो. ऑटो युनियनमध्ये तो पुढच्या चाकांजवळ, आणि घसरतोय तो पाठीमागचा जड भाग. कळेपर्यंत उशीर झालेला असायचा. त्यात मागचं सस्पेन्शन स्विंग ॲक्सलचं, म्हणजे चाक वरखाली झालं की तिरकं व्हायचं आणि पकड एकदम सुटायची. आणि टायर अरुंद. पुढे इंजिन असलेल्या गाड्यांवर मुरलेल्या भल्याभल्यांना ही गाडी वश झाली नाही.

ती वश झाली बेर्न्ड रोझमायरला. हा मुलगा डीकेडब्ल्यूच्या मोटारसायकलींवर शर्यती खेळायचा, रेसिंग कार त्याने कधी चालवलीच नव्हती. १९३५ मध्ये गाडीत बसला आणि दुसऱ्याच शर्यतीत, नुर्बुर्गरिंगवर, मर्सिडीजच्या रुडॉल्फ काराचिओलाला शेवटच्या फेरीपर्यंत झुंजवलं. १९३६ मध्ये त्याच ट्रॅकवर दाट धुक्यात तो असा सुटला की लोक त्याला धुक्याचा उस्ताद म्हणायला लागले. त्याच वर्षी तो युरोपचा विजेता झाला. असं म्हणतात, आणि मला ते पटतं, की त्याला विसरण्यासारखं काही नव्हतंच. गाडी अशीच वागते असं समजून तो शिकला. २८ जानेवारी १९३८ ला फ्रँकफर्ट-डार्मश्टाट महामार्गावर वेगाचा विक्रम करताना त्याची गाडी उडाली आणि तो गेला. अठ्ठावीस वर्षांचा होता.

त्याच्यानंतर इटालियन ड्रायव्हर तात्सिओ नुव्होलारी आला. तोवर नियम बदलले होते, इंजिन ३ लिटरचं बारा सिलिंडरचं झालं होतं आणि मागचं सस्पेन्शनही सुधारलं होतं. ही टाइप डी. इंग्लंडमध्ये डॉनिंग्टनला सरावात नुव्होलारीची गाडी एका सांबरासारख्या मोठ्या हरणावर आदळली, बरगडीला मार लागला, तरी त्याने ती शर्यत जिंकली. ऑटो युनियनची शेवटची मोठी शर्यत बेलग्रेडला झाली, तीही त्यानेच जिंकली. तारीख ३ सप्टेंबर १९३९. ब्रिटन आणि फ्रान्सने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं तो दिवस.

इथे एक गोष्ट लपवायची नाही. या गाड्यांना नाझी सरकारचा पैसा होता, आणि त्यांचे विजय प्रचारासाठी वापरले गेले. कौतुक करणाऱ्याने हे उच्चारलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. कॅमशाफ्टची हुशारी त्यामुळे कमी होत नाही, पण गाडीच्या पाठीवर तो इतिहास आहेच.

आता तुमच्या 'नकली' गाड्यांच्या मुद्द्याकडे येतो. इतक्या कमी गाड्या उरल्या कशा? ऑटो युनियनची रेसिंग कार्यशाळा जर्मनीच्या पूर्व भागात, सॅक्सनीतल्या त्स्विकाऊला होती. युद्धाच्या काळात गाड्या जवळच्या एका खाणीच्या आवारात लपवल्या होत्या. युद्ध संपल्यावर तो भाग सोव्हिएत ताब्यात गेला, गाड्या सापडल्या आणि रेल्वेने पूर्वेकडे रवाना झाल्या. तिथे त्या कारखान्यांना आणि संशोधन संस्थांना अभ्यासासाठी वाटल्या गेल्या. अभ्यास झाला, उघडलेली गाडी परत कुणी जोडली नाही, बहुतेक भंगारात गेल्या. एक टाइप सी मात्र आधीच म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमला दिलेली होती, म्हणून ती जर्मनीत राहिली.

डोंगरी शर्यतीसाठी बनवलेली एक गाडी, टाइप डीच्या चेसिसमध्ये (सांगाड्यात) टाइप सीचं सोळा सिलिंडरचं इंजिन बसवलेली, मॉस्कोच्या झिल कारखान्यात पडून होती. १९७६ मध्ये ती कापणार होते. लॅटव्हियातल्या विक्टर्स कुल्बेर्ग्स या गाडीवेड्या माणसाने धडपड करून ती रीगाला आणली. आज ती मूळ गाडी आउडीकडे आहे आणि रीगाच्या संग्रहालयात तिच्या बदल्यात दिलेली हुबेहूब प्रतिकृती. अमेरिकेत राहणारे पॉल कारासिक आणि त्यांच्या पत्नी बार्बरा यांनी तर सोव्हिएत संघात वर्षानुवर्षं हिंडून चेसिसचे तुकडे, इंजिनं, गिअरबॉक्सचे भाग असं जमेल ते गोळा केलं. त्यातून जुन्या गाड्या उभ्या करणाऱ्या इंग्लंडच्या क्रॉस्थवेट अँड गार्डिनर कंपनीने टाइप डी पुन्हा उभ्या केल्या. कारासिक यांनी जमवलेल्यांपैकी शेवटची गाडी २०१२ मध्ये आउडीकडे आली.

म्हणजे 'असली की नकली' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. चेसिस मूळ पण पत्रा नवा, इंजिन एका गाडीचं आणि गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा, किंवा मूळ आराखड्यांवरून सगळंच नवं, असे सगळे प्रकार आहेत. नाद असलेली माणसं म्हणूनच चेसिसच्या नंबरांवरून रात्र रात्र वाद घालतात. २००७ मध्ये पॅरिसला क्रिस्टीजच्या लिलावात एक टाइप डी येणार होती; ती नेमकी कोणत्या शर्यतीत धावलेली चेसिस, यावर शंका निघाली आणि गाडी मागे घेतली गेली. मला हे कटकटीचं वाटत नाही. जी वस्तू जवळजवळ पुसली गेली, तिच्याबद्दल अचूक बोलणं हाच तिचा मान.

आणि नव्याने बांधलेल्या गाडीला मी कमी लेखत नाही, त्याचं कारण सांगतो. इंग्लंडमध्ये गुडवुडला मी टाइप सी सुरू होताना पाहिली. ती नव्याने बांधलेलीच होती, आणि तिथे तसं स्पष्ट सांगत होते. शेपटीवर दोन्ही बाजूंना आठ-आठ आखूड एक्झॉस्टचे नळे, आभाळाकडे तोंड करून. मेकॅनिकने बाहेरून स्टार्टर लावला, दोन-तीनदा नुसती घरघर झाली, मग एका बाजूचे नळे आधी बोलले आणि मागून दुसरी बाजू. आवाज कानाआधी तळपायांना कळला. अल्कोहोलच्या इंधनाच्या धुराने डोळे चुरचुरत होते. शेजारी एक म्हातारे गृहस्थ हॅट छातीशी धरून उभे होते. मेकॅनिक मात्र शांतपणे एकेका नळ्याजवळ हात नेत होता, ऊब सारखी येतेय का ते बघायला. सोळा नळे, सोळा वेळा. आठव्याला थांबला, परत हात नेला, मान हलवली आणि पुढे गेला. म्युनिकच्या मूळ गाडीसमोर मी तासभर बसलो होतो, पण इंजिनाचा हा स्वभाव तिथे कळला नव्हता. मूळ गाडी पुरावा सांभाळते, तिच्यावर असा ताण टाकणं मला पटणार नाही. आवाज सांभाळायला दुसरी गाडी हवीच. फक्त प्रत्येकीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारावी.

तुम्ही जर्मनीत कधी गेलात तर म्युनिक आणि आउडीचं संग्रहालय असलेलं इंगोलश्टाट दोन्ही करा, फार लांब नाहीत एकमेकांपासून. समोर उभं राहून फोटो काढायच्या आधी गाडीच्या बाजूला जा, पुढच्या चाकाशी उकिडवे बसा आणि ड्रायव्हरचे पाय कुठपर्यंत येत असतील याचा अंदाज घ्या. मग मान वळवून मागे बघा, त्याच्या पाठीशी किती गाडी उरलीये ते.