विक्षिप्त, तर्‍हेवाईक की आणखी काही?

म्हापशाच्या एका शिक्षिकेने विचारले आहे: शाळेच्या अंकातल्या लेखात त्यांनी आबे फारियांना, म्हणजे संमोहनाचा अभ्यास करणाऱ्या गोव्याच्या पाद्रींना, 'विक्षिप्त विचारवंत' म्हटले, तर सहकाऱ्याने हा अपमान आहे म्हणून हरकत घेतली. ज्याचे म्हणणे लोकांना फार उशिरा पटले, अशा माणसाला मराठीत एका शब्दात काय म्हणायचे?

हरकत रास्त आहे. आजच्या मराठीत विक्षिप्त म्हणजे ज्याच्याशी बोलताना जपून राहावे लागते असा माणूस. त्याच्या विचारांबद्दल हा शब्द चकार काढत नाही. 'तर्‍हेवाईक'मध्ये थोडे कौतुक असते, पण तेही वागण्यापुरतेच. 'चक्रम' शाळेच्या अंकात नकोच.

तरी 'विक्षिप्त'ची जुनी ओळख सांगायला हवी, कारण ती फारियांपाशीच येऊन पोचते. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. मधूनच स्थिरावणारे आणि पुन्हा भरकटणारे चित्त ते विक्षिप्त. त्याच्या पुढची पायरी एकाग्र. आणि फारियांचा सगळा सिद्धान्त एकाग्रतेवरच उभा आहे. माणसाला संमोहनाच्या झोपेत नेणाऱ्याला त्यांनी फ्रेंचमध्ये जो शब्द योजला, त्याचा अर्थ 'एकाग्र करणारा' असाच होतो. म्हणजे तुमच्या विशेषणाने त्यांना एक पायरी खाली उतरवले!

कांदोळीत 1756 साली जन्मलेल्या या पाद्रीने 1813 पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग केले. अशाच झोपेने रोग बरे करू पाहणारा वैद्य मेस्मर आणि त्याचे शिष्य सांगत होते की त्यांच्या शरीरातून एक अदृश्य प्रवाह रोग्यात जातो. फारिया म्हणाले, असा प्रवाहबिवाह काही नाही. जे घडते ते झोपणाऱ्याच्याच मनात घडते. ते माणसाला खुर्चीत बसवत, डोळे मिटायला सांगत आणि 'झोपा' असा हुकूम देत. मेस्मरवाल्यांना हे रुचले नाही, चर्चच्या लोकांनाही नाही. 1816 मध्ये फारियांची टर उडवणारे प्रहसन पॅरिसच्या रंगभूमीवर आले. 1819 मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी ते वारले. पुढे त्याच शतकाच्या अखेरीकडे फ्रान्समधल्या नान्सीच्या डॉक्टर बर्नहाइम यांनी संमोहनात सूचनेचे, म्हणजे सांगण्याचा मनावर जो परिणाम होतो त्याचे, महत्त्व मांडले, तेव्हा कुठे फारियांचे नाव आदराने घेतले जाऊ लागले.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारचा पुतळा नीट बघा. रामचंद्र कामतांचे काम, 1945 सालचे. खाली कोसळणारी बाई आणि तिच्यावर दोन्ही पंजे रोखून उभे फारिया. शिल्प म्हणून जबरदस्तच. पण बघणाऱ्याला वाटते, त्या बोटांतूनच काहीतरी निघाले असणार! जे त्यांनी ठामपणे नाकारले तेच पर्यटकांच्या फोटोत येते.

आता तुमचा शब्द. मराठीला इथे विशेषण नको, क्रियापद हवे, आणि ते तयार आहे: वेड्यात काढणे. 'मोडीत काढणे'च्या शेजारी ठेवून बघा. भांडे मोडीत काढणारा कोणीतरी असतो, तसा माणसाला वेड्यात काढणाराही असतो. 'विक्षिप्त' म्हटले की खोट फारियांची ठरते. 'वेड्यात काढले' म्हटले की कोणी काढले, हे विचारता येते. गोव्यात कोकणी घरांत अशा माणसाला 'पिसो' म्हणतील. मराठीतल्या 'वेडापिसा'मधला 'पिसा' तो हाच, पण मराठीत तो असा सुटा आता फारसा फिरत नाही.

'द्रष्टा' आणि 'अवलिया' हे शब्दही सुचतील. द्रष्टा ही पदवी जग पटल्यावर बहाल करते, त्यामुळे तिच्यात झिडकारण्याची गोष्ट बुडून जाते. अवलिया मुळात अरबीतला, देवाच्या जवळच्यांसाठीचा. मराठीत तो कलंदर माणसाला लावतात. फारिया तसे मुळीच नव्हते, चांगले वाद घालणारे शिक्षक होते.

तेव्हा बाई, विशेषण काढून टाका आणि असे लिहा: 'झोप झोपणाऱ्याच्या मनातून येते, असे सांगणाऱ्या फारियांना पॅरिसने वेड्यात काढले.' सहकाऱ्याची हरकत राहणार नाही. राहिलीच, तर 'पॅरिसने' ऐवजी 'पॅरिसमधल्या अनेकांनी' करा. त्यांचे प्रयोग बघायला गर्दीही पॅरिसकरांचीच होत होती.