वाचकांचे प्रश्न : थंडीतले पाणपक्षी आणि कॅमेरा

प्रश्न : डिसेंबरात निफाडजवळच्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर 150-600 मिमी लेन्सने बदकं टिपली. धुक्यातले फोटो मळकट आले. दहानंतर ऊन छान होतं, तरी एकही बदक रेखीव नाही. लेन्स दुरुस्तीला टाकू का? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : आधी घरीच तपासा. सकाळच्या गारव्यात वर्तमानपत्राचं पान भिंतीला चिकटवा आणि ट्रायपॉडवरून, दहा पावलांवरून फोटो काढा. बारीक अक्षरं स्वच्छ वाचता आली तर लेन्स ठीक आहे.

बहुधा दोष हवेचाच निघेल. निफाडकडची रात्र कडक गारठ्याची. ऊन चढलं की बांध, चिखल आणि पाणी वेगवेगळ्या गतीनं तापतात आणि वरची हवा थरथरू लागते. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दिसतं तेच हे. नुसत्या डोळ्यांना कळत नाही, 600 मिमीला कळतं. शटरचा वेग वाढवून किंवा ट्रायपॉड लावून ते जात नाही. म्हणून उजाडण्याआधी पोहोचा, साडेनऊनंतर लांबचे थवे सोडून द्या आणि काठाजवळचा शेकाट्या (लांब पायांचा पाणपक्षी) घ्या. ढगाळ दिवशी जास्त वेळ मिळतो.

गाडीतून फोटो काढत असाल तर हीटर बंद करून पंधरा मिनिटं आधीच काचा खाली घ्या. आतली ऊब खिडकीतून बाहेर पडताना लेन्ससमोर तीच थरथर उभी करते. हे फार जणांच्या ध्यानात येत नाही.

धुक्याचा मळकटपणा मात्र कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा. पांढुरकं दृश्य तो करड्यावर आणून ठेवतो. एक्स्पोजर +0.7 ते +1 द्या, रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढा. ऊन पडल्यावर बगळा घेताना उलट, –0.7, नाहीतर पिसं जळतात, म्हणजे नुसती पांढरी दिसतात. उडणाऱ्या थापट्या बदकाला शटर 1/2000 सेकंद, उभ्या पक्ष्याला 1/500 पुरे. धुक्यात फोकस पुढेमागे धावत राहिला तर मधला एकच बिंदू ठेवून चोच आणि पाणी यांच्या कडेवर धरा.

प्रश्न : जानेवारीत ठाणे खाडीवर रोहित (फ्लेमिंगो) पाहायला जायचंय. वेळ कोणती? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : घड्याळ नको, भरतीचं कोष्टक बघा. ओहोटीत पक्षी चिखलात दूर पांगतात. पाणी चढू लागलं की थवे काठाकडे सरकतात. पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी जागेवर असा. चिखल बुडाला की खायला काही उरत नाही, पक्षी उडून जातात. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे मागच्या रविवारची वेळ चालणार नाही.

लेन्सवर खारं पाणी उडालं तर कोरड्या फडक्यानं घासू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा), मग गोड्या पाण्यानं किंचित ओलं केलेलं मऊ फडकं. ट्रायपॉडचा सर्वांत खालचा भाग आधी पूर्ण उघडा, म्हणजे त्याचा सांधा चिखलाच्या वर राहतो. घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्यानं धुऊन, उघडेच ठेवून वाळवा.