एन्झाइमवर वर्षानुवर्षं काम करूनही हाती काही लागत नाही, तेव्हा शास्त्रज्ञ टिकून कसे राहतात?

मी जीवरसायनशास्त्रात काम करतो. ‘चिकाटी’ हा शब्द आमच्यात फारसा कुणाच्या तोंडी नसतो. ‘अजून एकदा लावून बघू’ एवढंच.

जेम्स सम्नर यांचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. कॉर्नेल विद्यापीठात १९१७ साली त्यांनी जॅक बीनच्या बियांमधून युरिएज वेगळं काढायला घेतलं. युरियाचं विघटन करून अमोनिया तयार करणारं हे एन्झाइम. सतराव्या वर्षी शिकारीत गोळी लागून डावा हात गेलेला, आणि मूळचे डावखुरे! प्रयोगशाळेत बर्फाची पेटीही नव्हती. अल्कोहोलमधला अर्क खिडकीत ठेवायचा आणि थंडी पडायची वाट बघायची. १९२६ मध्ये त्यांनी अल्कोहोल सोडून पातळ अ‍ॅसिटोन घेतलं, अर्क रात्रभर गारठ्यात ठेवला. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली चिमुकले स्फटिक! एन्झाइम हे प्रथिन असतं, हे त्यातून दिसलं, तरी विल्स्टेटर यांच्यासारख्या नोबेल विजेत्याला ते पटेना. १९३० मध्ये जॉन नॉर्थ्रप यांनी पेप्सिन या पोटातल्या पाचक एन्झाइमचे स्फटिक मिळवले, तेव्हा कुठे वारं फिरलं. सम्नर यांना नोबेल मिळालं १९४६ साली.

लोक यातली नऊ वर्षं मोजतात. मला ते अ‍ॅसिटोन महत्त्वाचं वाटतं. तेच ते नऊ वर्षं करत राहणं ही चिकाटी नव्हे, तो हट्ट. आणि हट्टाचा अनुभव मला चांगलाच आहे.

माझं एक एन्झाइम शुद्ध करता करता मरायचं, म्हणजे काम करायचं थांबायचं. एन्झाइमचं काम प्रकाशाने मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर रेघ आडवीच्या आडवी. एखादं प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारं एन्झाइम, त्याला खातंय असं मी धरून चाललो. मग बर्फ वाढवला, वेग वाढवला, पहाटे चारला कोल्ड रूममध्ये शुद्धीकरणाचे कॉलम लावले. आठ महिने! शेवटी, निव्वळ कंटाळून, मेलेल्या नमुन्यात मँगनीज क्लोराइडचे दोन थेंब टाकले. रेघ चढायला लागली. कुणी खात वगैरे नव्हतं. सवयीने प्रत्येक बफरमध्ये, म्हणजे एन्झाइम ज्यात ठेवतो त्या द्रावणात, मी ईडीटीए हे धातू पकडणारं रसायन घालत होतो आणि तेच एन्झाइमला लागणारा धातू काढून घेत होतं.

नंतर वही चाळली. प्रथिनं आकारानुसार वेगळी करून दाखवणाऱ्या जेलचा फोटो दुसऱ्याच आठवड्यात चिकटवलेला: प्रथिनाची पट्टी अखंड, जराही तुटलेली नाही. खाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘जेल ठीक.’