कोड एडिटरमधला फाइंड बॉक्स कसा वागायला हवा?

स्वतःचा एडिटर लिहिताना फाइंडसाठी वेगळी विंडो द्यावी की वर एक पट्टी, असं तुम्ही विचारलंय. पट्टीच द्या. विंडो हमखास सापडलेल्या ओळीवरच येऊन बसते. नोटपॅड++ या एडिटरमध्ये ती पारदर्शक करायची सोय आहे, यातच काय ते आलं.

पण मला विचाराल तर पट्टीपेक्षा एस्केप की दाबल्यावर काय व्हावं याचा विचार आधी करा. ईमॅक्स या एडिटरमध्ये कंट्रोल-एस दाबून टाइप करू लागलं की कर्सर जुळणाऱ्या शब्दाकडे पळतो. एन्टर मारलं तर तिथेच थांबतो, कंट्रोल-जी मारलं तर जिथून निघालो तिथे परत. व्हिममध्येही टाइप करतानाच शोधायची सोय चालू असेल तर एस्केप असंच वागतं. व्हीएस कोडमध्ये मात्र एस्केपने पट्टी जाते आणि कर्सर सापडलेल्या जागीच राहतो. मागे जायची वेगळी की आहे, कबूल. पण अर्धी ओळ लिहून झाल्यावर फक्त व्हेरिएबलचं स्पेलिंग बघून यायचं असतं, तेव्हा ती कोणाला आठवते?

कंट्रोल-एफ दाबताना एखादा शब्द सिलेक्ट असेल तर तोच बॉक्समध्ये यावा, आणि सिलेक्ट होऊनच यावा, म्हणजे नवं टाइप केलं की जुनं आपोआप पुसलं जाईल. चार-पाच ओळी सिलेक्ट असतील तर मात्र त्या ओळींच्या आत शोधायचं असतं.

काही सापडलं नाही तर ‘ओके’ दाबायला लावणारा मेसेज नको, बॉक्स लाल झाला तरी कळतं. फाइल संपून शोध पुन्हा वरून सुरू झाला तर तेवढं सांगा.

रेजेक्सचं, म्हणजे नेमक्या शब्दाऐवजी अक्षरांच्या नमुन्याने शोधायचं, बटण चालू आहे हे ठळक दिसू द्या. ॲरेचं नाव आणि पुढे चौकोनी कंसात ० असं शोधलं, तर रेजेक्स त्या कंसाचा अर्थ ‘यातलं कुठलंही एक अक्षर’ असा घेतं. ओळ डोळ्यांसमोर असते आणि एडिटर म्हणतो, नाही.

कॉमेंट, म्हणजे कोडमधल्या टिपा, मराठीत असतील तर आणखी एक भानगड. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: ऱ ला हलन्त जोडून, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडायची खूण). दिसायला सारखेच, शोधायला वेगळे. युनिकोडच्या नॉर्मलायझेशननेही, म्हणजे एकच अक्षर लिहायच्या निरनिराळ्या पद्धती एक करायच्या नियमांनीही, ते एक होत नाहीत, त्यामुळे तुलनेआधी तेवढा बदल तुमच्या कोडमध्येच करावा लागेल.