भिंत पाडण्याआधी

प्रश्न : साताऱ्यात आमचं 1974 सालचं घर आहे, तळमजला आणि वर एक मजला. स्वयंपाकघर आणि मधली खोली यांच्यातली दहा फुटी भिंत काढायची आहे. मिस्त्रींनी ठोकून पाहिली. ते म्हणतात, पोकळ वाजते, म्हणजे नुसतं पार्टिशन आहे. पाडावी का?

उत्तर : एवढ्यावर मुळीच पाडू नका. पोकळ आवाज सुटलेल्या प्लास्टरचा असतो. नऊ इंची भिंतही तशी वाजते.

दाराच्या चौकटीपाशी जाडी मोजा. प्लास्टरसकट साडेपाच इंच भरली तर भिंत साडेचार इंची, दहा भरली तर नऊ इंची. घरात कॉलम-बीम दिसत नसतील तर नऊ इंची भिंत भार घेते असंच धरून चाला. साडेचार इंची निघाली, तरी वर जाऊन पाहा. त्याच रेषेत वरची भिंत उभी आहे का? गच्चीवर तिथेच पाण्याची टाकी आहे का?

खरं काय ते भिंतीच्या माथ्यावर कळतं. छताला लागून फूटभर लांब, सहा इंच उंच पट्टा छिन्नीने हलक्या हाताने उघडा, दोन-तीन ठिकाणी. स्लॅबनंतर बांधलेल्या भिंतीत शेवटच्या थरावर विटांचे तुकडे आणि मसाला कोंबलेला दिसतो, बहुधा केसाएवढी आडवी भेगही असते. स्लॅब भिंतीवरच ओतला असेल तर काँक्रीट विटांवर सपाट बसलेलं असतं, सांध्यांत सिमेंटचं पाणी उतरलेलं असतं. असं दिसलं की काम थांबवा.

कारण सलग स्लॅबमध्ये अशा भिंतीवरच्या मुख्य सळ्या वरच्या अंगाला असतात. भिंत गेली की तीच जागा मोठ्या खोलीच्या मधोमध येते, ताण खालच्या अंगाला येतो आणि तिथे सळई अपुरी पडते. गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, दुप्पट झाला की स्लॅब वाकवणारा जोर साधारण चौपट होतो. त्यात वरची भिंतही नऊ इंची असेल तर या दहा फुटांवर एकूण भार दहा टनांच्या आसपास जातो.

तरीही जागा मोकळी हवीच असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लोखंडी गर्डरचं माप काढून घ्या. दोन्ही बाजूंना जॅक लावून छत पेललेलं असल्याशिवाय एकही वीट हलवू नका. जॅक फरशीवर टेकवू नका, खाली जाड फळ्या घाला. गर्डरची टोकं थेट विटांवर नकोत, काँक्रीटच्या ठोकळ्यावर बसवा. गर्डर आणि स्लॅबमधली फट न आकसणाऱ्या ग्राउटने (फटीत भरायच्या सिमेंटच्या मसाल्याने) भरा. ती राहिली तर जॅक काढताच स्लॅब तेवढा खाली बसतो आणि वरच्या भिंतीत तिरक्या भेगा येतात.

प्रश्न : आमचा फ्लॅट नव्या टॉवरमध्ये आहे. सगळ्या भिंती सहा इंचीच. मग कुठलीही काढता येईल ना?

उत्तर : बहुतेक कुठलीच नाही. अशा टॉवरमध्ये भिंती आणि स्लॅब ॲल्युमिनियमच्या साच्यात एकत्र ओतलेले असतात. भिंत हाच कॉलम. ड्रिलने बारीक भोक पाडून भुकटी पाहा : लाल असेल तर वीट, पांढुरकी आणि मऊ असेल तर हलका ब्लॉक, राखाडी असून ड्रिल अडत असेल तर काँक्रीट. काँक्रीटच्या भिंतीत नवं दारही काढू नका, विजेच्या पाइपसाठी झिरीही मारू नका. ब्लॉकची निघाली, तरी मंजूर स्ट्रक्चरल नकाशा पाहून आणि सोसायटीची लेखी परवानगी हातात आल्यावरच पाडा.