मिथेनॉलच्या एका एसडीएसवर कवटी आहे, दुसऱ्यावर नाही. खरं कोणतं मानायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एमआयडीसीतल्या एका लहान युनिटमध्ये सेफ्टीचं काम नुकतंच तुमच्याकडे आलं. मिथेनॉलचे दोन पुरवठादार, दोघांचे एसडीएस (रसायनाचे धोके आणि काळजी सांगणारी सुरक्षा माहितीपत्रकं) वेगळे. एकावर ज्वाला, कवटी आणि छातीवर चांदणी असलेला माणूस अशी तीन चिन्हं आहेत. दुसऱ्यावर फक्त ज्वाला आणि उद्गारचिन्ह. रसायन तेच, शुद्धता तीच. मग हे ठरवतं कोण, आणि ड्रमवर लेबल कोणतं लावायचं?

कवटीवालं लावा, आजच. दुसरा एसडीएस पुरवठादाराकडे परत पाठवा. हे मी इतक्या ठामपणे का म्हणते ते आता सांगते, कारण मिथेनॉलचं वर्गीकरण नीट कळलं की बाकीच्या सॉल्व्हंटचे एसडीएस कसे तपासायचे तेही कळतं.

भौतिक धोक्यापासून सुरुवात करू, तिथे वाद नाही. जीएचएस ही संयुक्त राष्ट्रांची वर्गीकरण पद्धत. तिची पहिली आवृत्ती 2003 मध्ये निघाली. तिच्यात भौतिक धोक्यांचे सतरा वर्ग आहेत: स्फोटकं, ऑक्सिडायझर, आपोआप पेट घेणारे पदार्थ, धातू खाणारे पदार्थ वगैरे. मिथेनॉलला त्यातला एकच लागू होतो, ज्वलनशील द्रव. त्याची कॅटेगरी दोन आकड्यांवर ठरते, फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकते ते) आणि उत्कलनबिंदू. कॅटेगरीचा आकडा जितका लहान, तितका धोका मोठा. फ्लॅश पॉइंट 23 अंशांच्या खाली आणि उकळणं 35 अंशांच्या वर असेल तर कॅटेगरी 2. मिथेनॉलचा फ्लॅश पॉइंट बंद कपाच्या चाचणीत 11 अंशांच्या आसपास येतो आणि ते साधारण 65 अंशांना उकळतं. म्हणजे कॅटेगरी 2, धोकाविधान एच225. आपल्याकडच्या धोकादायक रसायनांबद्दलच्या 1989 च्या एमएसआयएचसी नियमांच्या पहिल्या अनुसूचीतही हेच दोन आकडे बघतात.

11 अंशांचा अर्थ मात्र कागदावर सोडून देऊ नका. थंडीतल्या काही पहाटा सोडल्या, तर तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ कुठेही मिथेनॉलचा उघडा ड्रम वर्षभर पेटण्याजोगी वाफ सोडत असतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट लेबलवर कुठेच दिसत नाही. मिथेनॉलची वाफ हवेत साधारण 6 ते 36 टक्के असताना पेटते. 20 अंशांना बंद टाकीतल्या द्रवावर जी वाफ साचते ती साडेबारा टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे बरोबर त्या पट्ट्यात. पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ इतकी दाट होते की आतल्या आत ती सहसा पेटू शकत नाही. मिथेनॉलच्या टाकीत तसं नाही, अर्धी भरलेली टाकी आतूनच पेटायला तयार असते. म्हणून त्या टाकीला नायट्रोजन ब्लँकेट (द्रवावर नायट्रोजनचं आवरण), फ्लेम अरेस्टर (ज्वाला आत जाऊ न देणारी जाळी) आणि अर्थिंग हवंच. आणि दिवसाउजेडी मिथेनॉलची ज्वाला जवळजवळ दिसत नाही. एच225 मध्ये यातलं काहीच येत नाही. एसडीएसच्या पाचव्या विभागात हे लिहिलंय का ते बघा, नसेल तर तुमच्या वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये तुम्ही लिहा.

आता आरोग्याचा धोका. तुमच्या दोन एसडीएसमधला फरक इथेच पडलाय, आणि तो कसा पडला असावा याचा मला चांगला अंदाज आहे.

तोंडावाटे तीव्र विषारीपणा ठरवताना साधारणपणे उंदरांवरचा एलडी50 घेतात, म्हणजे ज्या मात्रेला निम्मे उंदीर मरतात ती मात्रा. एका किलो वजनामागे 50 ते 300 मिलिग्रॅम असेल तर कॅटेगरी 3 आणि कवटी. 300 ते 2000 असेल तर कॅटेगरी 4 आणि उद्गारचिन्ह. मिथेनॉलचा उंदरांवरचा आकडा बहुतेक एसडीएसच्या अकराव्या विभागात सापडतो: 5628 मिलिग्रॅम प्रति किलो. तो 2000 च्या कितीतरी वर आहे. ज्याने फक्त हा आकडा पाहिला आणि तक्त्यात बोट ठेवलं, त्याच्या हिशेबात मिथेनॉल तोंडावाटे विषारीच नाही. मग उगाच काहीतरी असावं म्हणून उद्गारचिन्ह टाकलं जातं. तुमचा दुसरा कागद असाच तयार झाला असणार.

त्या आकड्यावर विश्वास ठेवला तर साठ किलोच्या माणसाला चारशे मिलीहून जास्त मिथेनॉल पचायला हवं. प्रत्यक्षात तीस मिलीच्या आसपास मृत्यू झाल्याच्या आणि दहा मिलीने दृष्टी गेल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. आपल्याला तर त्या शोधायला लांब जायची गरज नाही. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून जास्त माणसं गेली.

उंदीर आणि माणूस यांच्यात एवढा फरक का, तर शरीरात मिथेनॉलचं पुढे काय होतं त्यामुळे. यकृतात त्याचं आधी फॉर्मल्डिहाइड होतं, मग फॉर्मिक ॲसिड. उंदराच्या शरीरात फॉलेट या जीवनसत्त्वावर चालणारी यंत्रणा ते फॉर्मिक ॲसिड भराभर संपवते. माणसाची ही यंत्रणा संथ आहे. त्यामुळे ॲसिड रक्तात साचतं, पेशींना ऑक्सिजन वापरता येईनासा होतो, रक्ताचा आम्लपणा वाढतो आणि डोळ्यामागची दृष्टीची नस सगळ्यात आधी मार खाते. उंदीर या एका बाबतीत माणसाच्या जागी उभाच राहू शकत नाही.

जीएचएसमध्ये ही अडचण गृहीत धरलेली आहे. वर्गीकरण करताना उपलब्ध सगळा पुरावा तोलायचा असतो, आणि माणसांबद्दलची विश्वासार्ह माहिती असेल तर प्राण्यांवरचा आकडा तिच्यावर मात करू शकत नाही. युरोपच्या अधिकृत यादीत म्हणूनच मिथेनॉल तोंडावाटे, त्वचेवाटे आणि श्वासावाटे तिन्ही मार्गांनी कॅटेगरी 3 आहे: एच301, एच311, एच331. त्या कॅटेगरीपुढे एक छोटी चांदणी छापलेली असते. तिचा अर्थ असा की ही किमान कॅटेगरी आहे. तुमच्याकडे याहून कडक माहिती असेल तर वर जा, पण खाली येऊ नका.

चौथं विधान मला सगळ्यात जवळचं वाटतं: एच370, एका वेळच्या संपर्काने अवयवांना इजा होते, कॅटेगरी 1. छातीवर चांदणी असलेल्या माणसाचं चिन्ह यामुळे येतं. कॅटेगरी 1 देण्यासाठी माणसांमधला पुरावा लागतो किंवा प्राण्यांमधला फार ठळक पुरावा. इथे माणसांमधला आहे, आणि तो आंधळ्या झालेल्या माणसांचा आहे. माझं स्पष्ट मत आहे की मिथेनॉलच्या लेबलवर एकच ओळ मराठीत ठळक लिहायची झाली तर ती हीच असावी, ‘डोळे कायमचे जाऊ शकतात’. ड्रम हाताळणाऱ्याला ‘विषारी’ हा शब्द रोज शंभर ठिकाणी दिसतो, तो आता वाचलाही जात नाही.

त्वचेवाटेच्या एच311 कडे कारखान्यात फार दुर्लक्ष होतं. शाई, रेझिन, चिकटा काढायला मिथेनॉलने हात धुणारी माणसं मी बरीच पाहते. जळजळ होत नाही, हात पटकन कोरडे होतात, म्हणून ते निरुपद्रवी वाटतं. पण ते त्वचेतून आत जातं. नेहमीचे पातळ नायट्राइल हातमोजे मिथेनॉलला फार वेळ थोपवत नाहीत, सलग कामाला ब्युटाइल रबरचे लागतात. एसडीएसच्या आठव्या विभागात नुसतं ‘योग्य हातमोजे वापरा’ असं लिहिलं असेल तर तोही विभाग अपुरा समजा. वासावरही विसंबू नका. मिथेनॉलचा वास साध्या स्पिरिटसारखा असतो, आणि कामाच्या ठिकाणी आठ तासांची 200 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 200 भाग) ही जी मर्यादा धरतात, ती ओलांडली तरी बऱ्याच जणांना वास जाणवत नाही.

तुम्ही कॅन्सरबद्दलही विचारलंत. मिथेनॉलला ते वर्गीकरण नाही. गर्भावरच्या परिणामाबाबत मात्र देशोदेशी मतभेद आहेत. गरोदर उंदरांना जास्त प्रमाणात वाफ दिल्यावर पिल्लांत व्यंग दिसलं. जपानच्या सरकारी वर्गीकरणात त्यावरून प्रजननाला धोका धरलेला आहे. युरोपच्या तज्ज्ञ समितीने तशीच माहिती तपासली आणि उंदराचं चयापचय वेगळं असल्याने ती माणसाला लावता येत नाही असा निष्कर्ष काढला. मला इथे युरोपचा तर्क पटतो, कारण तीव्र विषारीपणाच्या वेळी उंदीर बाजूला ठेवायचा आणि गर्भाच्या वेळी त्याचंच ऐकायचं याला मग वेगळं कारण द्यावं लागेल. तरी गरोदर बाईला मिथेनॉल भरण्याच्या कामावर उभं करू नका, त्यासाठी वर्गीकरणाची वाट बघायची गरज नाही.

तुमच्याकडे पाण्यात पातळ केलेलं, 20 टक्क्यांचं वॉश सोल्युशन आहे असं तुम्ही लिहिलंय. तिथे हिशेब वेगळा होतो आणि तो करून बघण्यासारखा आहे. कॅटेगरी 3 साठी तोंडावाटेचा ठोकळ अंदाज 100 मिलिग्रॅम प्रति किलो धरतात. पाणी निरुपद्रवी, म्हणून 100 ला 0.2 ने भागा: 500 आले. ते 300 ते 2000 मध्ये बसतात, म्हणजे कॅटेगरी 4. त्वचेचा अंदाज 300, त्याचे 1500 होतात, तिथेही 4. वाफेचा अंदाज लिटरला 3 मिलिग्रॅम, त्याचे 15, पुन्हा 4. कवटी गेली, उद्गारचिन्ह आलं. इथे बरेच जण थांबतात आणि लेबल सौम्य करून टाकतात. पण अवयवांच्या इजेला हा भागाकार लागू नाही. तिथे टक्केवारीची सरळ मर्यादा आहे: 10 टक्के किंवा जास्त मिथेनॉल असेल तर कॅटेगरी 1 तशीच राहते, 3 ते 10 टक्क्यांत ती 2 होते. तुमच्या 20 टक्क्यांच्या सोल्युशनवर छातीत चांदणी असलेला माणूस राहणार, ‘धोका’ हा संकेतशब्दही राहणार. त्याचा फ्लॅश पॉइंट मात्र गणिताने काढू नका, नमुना लॅबमध्ये तपासून घ्या. पाणी घातलं म्हणून मिथेनॉल विझतं असं नाही, चार भागांत एक भाग असलेलं मिश्रणही ज्वलनशील धरतात.

कागद तपासताना एक घोळ हमखास होतो. काही एसडीएसवर रंगीत चौकटीतला एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेचा हिरा असतो. त्यात 4 म्हणजे सर्वात वाईट. जीएचएसमध्ये उलट, 1 सर्वात वाईट. मिथेनॉलच्या हिऱ्यात आरोग्याच्या निळ्या खणात अनेक ठिकाणी 1 छापलेला दिसतो आणि जीएचएसच्या अवयव-इजेच्या ओळीतही 1 असतो. पहिल्याचा अर्थ किरकोळ, दुसऱ्याचा अर्थ सर्वात गंभीर. हिरा आग विझवायला आलेल्या माणसासाठी आहे, लेबल ठरवायला तो वापरायचा नाही.

आता करायचं काय. दुसऱ्या पुरवठादाराला लेखी विचारा: तीव्र विषारीपणाचं वर्गीकरण कोणत्या पुराव्यावर केलं, माणसांमधली माहिती विचारात घेतली का, आणि एच370 का वगळलं. फोनवर नको, ईमेलवर. एसडीएसच्या चौदाव्या म्हणजे वाहतुकीच्या विभागात यूएन 1230 (मिथेनॉलचा वाहतूक क्रमांक), वर्ग 3, उपधोका 6.1 असं छापलेलं असेल तर तेच त्याच्याविरुद्धचं पहिलं बोट आहे. 6.1 हा वाहतुकीतला विषारी पदार्थांचाच वर्ग आहे, तेव्हा टँकरवर विषारी आणि ड्रमवर नुसतं उद्गारचिन्ह हे जुळतच नाही. उत्तर येईपर्यंत तुमच्या स्टोअरमधल्या प्रत्येक ड्रमवर, कॅनवर, आणि लॅबमधल्या लहान वॉश बॉटलवरसुद्धा पूर्ण लेबल लावा. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत कोणी मिथेनॉल काढून नेत असेल तर ते त्याच दिवशी बंद करा.

आणि चौथा विभाग, प्रथमोपचाराचा, नीट वाचा. मिथेनॉल पोटात गेलेला माणूस आधी नुसता झिंगल्यासारखा दिसतो, नंतर बराही वाटतो. धूसर दिसणं आणि धाप लागणं बारा ते चोवीस तासांनीही सुरू होऊ शकतं. ‘लक्षणं दिसल्यास डॉक्टरांकडे न्या’ असं लिहिलेला कागद म्हणूनच मिथेनॉलसाठी चुकीचा आहे. ताबडतोब न्यायचं, एसडीएस सोबत द्यायचा, आणि डॉक्टरांना ‘मिथेनॉल’ हे नाव स्पष्ट सांगायचं, नुसतं ‘केमिकल’ किंवा ‘स्पिरिट’ नाही. उपचारासाठी फोमेपिझोल किंवा इथेनॉल देतात, म्हणजे यकृत मिथेनॉलचं ॲसिड करायचं थांबतं. गरज पडली तर डायलिसिस करतात. तुमच्या जवळच्या कोणत्या हॉस्पिटलात ही सोय आहे ते आत्ताच फोन करून विचारून ठेवा आणि नंबर गेटवर लावा.